चालणारा घोडा

घोड्याचं नाव काढलं की आपल्याला त्याचा वेगच आठवतो. चित्रातला घोडा भरधाव असतो, पुतळ्यातला निदान एक पाय तरी उचलून असतो. नुसता मान खाली सोडून, शांतपणे पाऊल टाकत चाललेला घोडा कुणी चित्रात काढत नाही. मला मात्र आज त्याच्याचविषयी बोलायचं आहे. घोड्याला पळायला शिकवावं लागत नाही, ते तो आईच्या पोटातून शिकून येतो. जन्मल्यावर तासा-दोन तासांत शिंगरू उभं राहतं आणि त्याच दिवशी आईच्या मागे दुडदुडतं. माणसांच्या गर्दीतून, ढोलाच्या आवाजातून, ट्रकच्या शेजारून सावकाश चालायचं, हे मात्र त्याला शिकवावं लागतं. त्याला दिवस लागतात आणि घाई केली तर कुणाचा तरी पाय मोडतो.

मी खंडाळ्याकडचा. खंडाळा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना लोणावळ्याशेजारचा, धबधब्यांचा खंडाळा आठवतो. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. एका अंगाला महामार्ग आणि शिरवळचे कारखाने, दुसऱ्या अंगाला लोणंदचा कांदा आणि नीरा नदी. या तालुक्यात घोडा आता फारसा दिसत नाही. पण वर्षातून एकदा, आषाढात, असा एक घोडा येतो की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणे जिल्हा ओलांडून नीरेवर येते, दत्त घाटावर पादुकांना स्नान होतं आणि सोहळा सातारा जिल्ह्यात शिरून लोणंदला मुक्कामाला थांबतो. हा सोहळा आजच्या रूपात बसवणारे हैबतबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी राहिलेले सरदार. सोहळ्याला लष्करी शिस्त आली ती त्यांच्यामुळे. सोहळ्याचे दोन अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून येतात, आणि तेही आळंदीपर्यंत पायी चालत. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. लोणंद सोडल्यावर तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्यांच्या दोन रांगांमधून हे अश्व धावतात. दूरदर्शनवर आपण तेवढंच पाहतो.

आता हिशेब करून बघा. रिंगणातली धाव काही मिनिटांची. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, त्याआधी अंकली ते आळंदी वेगळंच. हे सगळं चालायचं असतं, आणि तेही टाळ-मृदंगाच्या गजरात, अंगाला हात लावणाऱ्या हजारो माणसांमधून. ज्याच्या पाठीवर माणूस नाही त्या अश्वाला बागदोर धरणाऱ्याच्या हाताशिवाय दुसरा आधार नसतो. मला विचाराल तर या घोड्यांची खरी कमाई त्या चालण्यात आहे. धाव बघायला लाख माणूस जमतं, चाल मात्र कुणी बघत नाही.

हे अवघड का आहे, तर घोडा हे मुळात भिणारं जनावर आहे. भित्रं म्हणत नाही मी, भिणारं म्हणतो. गवत खाऊन जगणाऱ्या, शिंगं नसलेल्या जनावराला पळ काढणं हाच बचाव. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे भोवतालचा जवळजवळ सगळा घेर त्याला दिसतो. कपाळाच्या अगदी पुढ्यातला आणि शेपटीमागचा थोडा भाग तेवढा दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप येऊन पुठ्ठ्यावर थाप मारणारा माणूस लाथ खातो. त्यात घोड्याचा दोष नसतो. कान दोन्ही वेगवेगळे फिरतात. लाल-हिरव्या रंगातला फरक त्याला नीट कळत नाही. पताकेचा रंग त्याला खुपत नाही, तिचं फडफडणं खुपतं.

मी सर्वांत शांत चालणारे घोडे पाहिले ते कुठल्या पागेत नाही, तर धनगरांच्या वाड्यात. फलटण, खंडाळा, माण या भागातले मेंढपाळ पावसाळा संपला की मेंढरं घेऊन बाहेर पडतात. सोबत ठेंगणी, काटक तट्टं असतात. त्यांच्या पाठीवर सगळा संसार: घोंगड्या, भांडी, जाळी, वर एखादं कोकरू, बांधलेल्या कोंबड्या, कधी त्या सगळ्यावर बसलेलं पोर. बाजूनं उसाचा ट्रॉलीवाला गाणी लावून जातो आणि घोडी कानसुद्धा हलवत नाही. ही भीमथडीची जात. आपल्या राज्यगीतात जिचं नाव आहे तीच. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ती टिकली ती या मेंढपाळांमुळे. एका म्हाताऱ्या मेंढपाळाला मी विचारलं होतं, "बाबा, शिंगराला कसं शिकवता?" ते म्हणाले, "आमी काय शिकवतोय? आय शिकवतीय." म्हणजे शिंगरू मोकळं आईच्या कडेनं चालतं. ट्रक आला की ते आधी आईकडं बघतं. आई चालतच असते, मग तेही चालतं. दोन हंगामांत रस्त्याचं सगळं शिक्षण पुरं होतं, आणि तेही अंगावर छडी न लागता.

पण प्रत्येकाला अशी आई मिळत नाही. दिवाळीच्या पाडव्याला अकलूजचा घोडेबाजार भरतो. तिथून आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोरानं एक लालसर घोडा आणला. शिरवळला कारखान्यात कामाला, कंत्राटी. लग्नात नवरदेवाला घोडा द्यायचा धंदा करावा म्हणून पतसंस्थेचं कर्ज काढलेलं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "नाना, तुळशीची लग्नं झाली की सुपाऱ्या येतील. पंधरा दिसांत हुईल का?"

मी आधी घोड्याचं तोंड उघडून बघितलं. विकणाऱ्यानं पाच वर्षांचा सांगितला होता. घोड्याचे पुढचे दुधाचे दात ठरलेल्या क्रमानं पडतात: मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमाराला, तिच्या बाजूची साडेतीनला, कडेची साडेचारला. याची दुसरी जोडी नुकती फुटत होती. म्हणजे साडेतीन वर्षांचा. या वयात घोडा अंगानं भरलेला दिसतो, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच-साडेपाच वर्षं लागतात. त्याच्यावर शेरवानीतला नवरदेव, पुढ्यात त्याचा भाचा, आणि तीन तास वरात! दातांनंतर ओठांचे कोपरे बघितले. दोन्हीकडे जुनी जखम. कुणीतरी त्याला काटेरी कडी घालून नाचवायला शिकवलं होतं.

याबद्दल जरा बोलतो. लग्नात पुढचे पाय आपटत नाचणारा घोडा बघून आपण टाळ्या वाजवतो, वर नोटा ओवाळतो. त्यातले बरेचसे घोडे तोंडात काटा टोचतो म्हणून पाय उचलत असतात. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारनं १९६५ साली नियम केले, त्यात काटेरी लगाम वापरायला बंदी आहे. नियम होऊन साठ वर्षं झाली. बाजारात काटेरी कडी आजही टांगलेली दिसते.

पोराला मी म्हटलं, "या तुळशीला नाही, पुढच्या तुळशीला." त्याचा चेहरा उतरला. हप्ता दर महिन्याचा होता आणि घोडा खाणार रोजचं. दोन दिवस तो आलाच नाही. मला वाटलं, गेला दुसऱ्या कुणाकडे. पंधरा दिवसांत घोडा 'तयार' करून देणारे आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी करून, डोळे लाल घेऊन, घोडा हातात धरून उभा होता.

तिथून पुढं आम्ही काय केलं ते सांगतो, कारण ते कुठल्याही कोऱ्या घोड्याला लागू पडतं.

पहिला महिना लगाम नाही. नुसती सुताची म्होरकी आणि दहा-बारा हातांचा मऊ दोर. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घडी करून धरायचा. घोडा उधळला तर गुंडाळलेला हात त्याच्याबरोबर जातो. माणसानं घोड्याच्या खांद्याशी चालायचं. पुढं राहून ओढायचं नाही, मागं राहून हाकायचं नाही. पहिला धडा चालण्याचा नव्हेच, थांबण्याचा. आपण थांबलो की त्यानं थांबायचं, आणि दोराला हलका दाब दिला की एक पाऊल मागं घ्यायचं. ज्याला थांबता येतं त्यालाच सावकाश चालता येतं.

यात सगळी कळ दाब देण्यात नसून दाब सोडण्यात आहे. घोड्याला ओढलं तर तो उलट ओढतो. हा त्याचा स्वभाव. दाब द्यायचा आणि वाट बघायची. त्यानं अर्धं पाऊल जरी योग्य दिशेला टाकलं, की त्याच क्षणी दोर ढिला. पाच सेकंदांनी ढिला केला तर त्याला वाटतं, मधे मी मान झटकली म्हणून सुटलो. मग तो मान झटकायला शिकतो. गूळ-गाजर द्या, हरकत नाही, पण ढिल्या दोराएवढं बक्षीस त्याला दुसरं नाही. आमच्या पोराला हे समजायला आठवडा लागला, घोड्याला दोन दिवस.

घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची असते. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. मन शांत असेल तर मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढं पडतो. ताणात असेल तर पाऊल आखडतं, ठसा मागं राहतो. आम्ही रोज सकाळी ओढ्याकडच्या धुळीच्या वाटेनं जायचो आणि येताना आपलेच ठसे वाचत यायचो. कोणत्या झाडाशी पाऊल आखडलं, कुठं पुन्हा लांबलं, सगळं तिथं लिहिलेलं असायचं. पोर घोड्याच्या तोंडाकडं बघण्यापेक्षा जमिनीकडं बघायला शिकलं.

मग भीतीचा अभ्यास. चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं घोड्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं सांगून ठेवलंय की शिंगराला गर्दीतून न्यावं, तऱ्हतऱ्हेच्या वस्तू नि आवाज दाखवावेत, आणि ते बुजलं तर मारू नये, शांतपणे समजवावं. आमच्या मेंढपाळबाबांनी झेनोफनचं नावही ऐकलं नसेल, पण दोघांचं मत एकच.

समजवायचं म्हणजे काय, तर अंतर सांभाळायचं. प्रत्येक भीतीला एक अंतर असतं. अमुक पावलांवर घोडा कान टवकारतो पण पाय उचलत नाही; त्या जागी थांबायचं. तो मान खाली घेईल, नाक फुरफुरेल, जीभ ओठांवरून फिरवेल. मग दोन पावलं पुढं, नाहीतर वळून परत. तो पळायच्या आधी आपण वळायचं, नंतर नाही. आणि भीतीची वस्तू त्याच्याकडं येऊ देण्यापेक्षा त्याला तिच्या मागं जाऊ द्यावं. येणारा ट्रॅक्टर राक्षस वाटतो. जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं चालताना घोड्याला वाटतं, हा मला घाबरून पळतोय. आठवडाभर आम्ही भाऊबंदांच्या ट्रॅक्टरमागं फिरलो. सोबतीला माझी म्हातारी घोडी पुढं ठेवायचो. जे डाव्या डोळ्याला दाखवलं ते उजव्यालाही दाखवायचं, कारण परतताना तोच खांब त्याला नवा दिसतो. प्लास्टिकचा कागद, सायकल, पत्र्याचा डबा, छत्री. महामार्गाच्या सेवारस्त्यावर ट्रकच्या ब्रेकचा तो फुस्स आवाज ऐकून सुरुवातीला तो उभ्या जागी थरथरायचा. रोज पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. जिथं बरं झालं तिथं संपवायचं. लोभ धरून आणखी एकदा करायला गेलं की बिघडतं.

आषाढ आला. पोराला लोणंदला पालखीच्या गर्दीत घोडा न्यायचा होता. मी म्हटलं, गर्दीत नाही, गर्दीच्या कडेला. रस्त्यापासून दोनशे पावलांवर एका ओळखीच्याच्या रानात, बांधाला घोडी बांधून, आम्ही उभे राहिलो. निघायच्या आधी त्याच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोट ठेवून नाडी मोजली. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असते. याची चाळीस होती. मग टाळांचा आवाज आला. पाऊस भुरभुरत होता, हजारो वारकऱ्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचे कागद, वाऱ्यानं सगळे फडफडतायत. घोड्याची मान वर, शेपूट वर, नाकपुड्या फुललेल्या. पोराचा हात दोराकडं आखडायला लागला. मी म्हटलं, "श्वास सोड आधी." माणूस श्वास रोखतो ते घोड्याला कळतं आणि तो विचार करतो, यालाही काहीतरी दिसलंय म्हणजे. आम्ही पन्नास पावलं मागं सरलो. उभे राहिलो. दिंड्या संपत नव्हत्या. तासाभरानं घोडीनं गवताला तोंड लावलं, ती तर केव्हाची कंटाळली होती. थोड्या वेळानं यानंही लावलं. घाबरलेलं जनावर चरत नाही. शेवटची दिंडी आणि तिच्या मागचे पाण्याचे टँकर गेल्यावर आम्ही रस्त्यावर उतरलो आणि त्यांच्या मागं एक किलोमीटर चाललो. ठसे तिथं कुठले दिसणार, चिखलच होता. पण टापांचा आवाज चार ठोक्यांचा होता, एकसारखा.

पाठीवर माणूस बसवला तो त्यानंतर, आणि तोही हलका. आधी रिकामं खोगीर, मग अर्ध्या पोत्याचं वजन, मग नुसतं आडवं पडून, मग बसून. तंग एकदम आवळायचा नाही, दोन-तीन वेळा थोडा थोडा. इथं एक नवा त्रास सुरू झाला, जो सगळ्यांना होतो: घोडा चालेना, ठुमकायला लागला. चाल नाही, दुडकीही नाही, मधलंच काहीतरी. अशा वेळी स्वार दोन्ही हातांनी लगाम धरून ठेवतो, आणि जितका धरतो तितका घोडा ठुमकतो, कारण त्याला टेकायला काहीतरी मिळालेलं असतं. आधी कारण शोधावं. खोगीर टोचतंय का? दात? चंदी जास्त होतेय का? काम थोडं आणि हरभरा भरपूर, तर पाय जमिनीवर कसे टिकतील? आमच्याकडं दाणा कमी केला, कडबा वाढवला. ठुमकला की लगाम न ताणता एका बाजूला छोटं वर्तुळ घ्यायचं; चाल आली की सरळ सोडायचा, लगाम ढिला. घराकडं तोंड झालं की सगळेच घोडे घाई करतात. त्यावर उपाय म्हणजे घराच्या दारावरून पुढं जायचं, वळसा घालायचा, मग आत. पहिल्या आठवड्यात त्या पोरानं स्वतःच्या घराला इतके वळसे घातले की त्याची आई विचारायला आली, काय देवाची प्रदक्षिणा लावलीय का म्हणून.

काट्याची कडी आम्ही पुन्हा वापरलीच नाही. साधी, गोल सळईची, मधे सांधा असलेली. ओठांच्या कोपऱ्यांवर केस पुन्हा आले.

या सगळ्या वर्षात त्या पोरानं हप्ते कसे भरले ते मी विचारलं नाही. दोनदा त्याला घोडा विकायचा होता. एकदा एक गिऱ्हाईक घेऊनच तो आला होता. गिऱ्हाइकानं विचारलं, "नाचतोय का?" पोर म्हणालं, "न्हाई, चालतोय." गिऱ्हाईक हसून निघून गेलं.

पुढच्या तुळशीनंतर पहिली सुपारी मिळाली, जवळच्याच गावातली. पोरानं मुलीच्या मामांना आधीच सांगितलं: बँड वीस पावलं पुढं राहील, घोड्याच्या मागं जनरेटर नको, फटाका नवरदेव उतरल्यावर. बसणार एकटा नवरदेव, भाचा चालत येईल. मामा म्हणाले, घोडा भाड्यानं घेतोय का सासुरवाडी? पण कबूल झाले. मी लांबून बघत होतो. घोड्याचा एक कान बँडकडं आणि एक कान पोराकडं. पोर खांद्याशी, दोर ढिला, मान जमिनीकडं, पावलं बघत. देवळापर्यंतचं अंतर अर्धा किलोमीटर, लागली वीस मिनिटं. दोन-चार तरुण मंडळी नाराज झाली, घोडा काहीच करत नाही म्हणून.

त्या हंगामात अटी ऐकून तीन घरांनी त्याला नको म्हटलं. पण एका घरानं मुद्दाम शोधून बोलावलं. त्यांच्याकडं आदल्या वर्षी बुजलेल्या घोड्यानं म्हाताऱ्या आजीला पाडलं होतं. त्या वरातीत आजी काठी टेकत घोड्याच्या बाजूनंच चालत होत्या, आणि पोर घोड्याचं पाऊल त्यांच्या पावलाला मिळवून नेत होतं.